रा. रा. ग्राऊस यांस अनावृत पत्र

रा. रा. लाल ग्राऊस,
मु. पो. किंडर स्काउट, ता. हाय पीक, जि. डर्बीशर, इंग्लंड.

सा. न. वि. वि.

एप्रिलमधल्या एका रविवारी मँचेस्टरच्या आमच्या पदभ्रमण क्लबानं आपल्या राहत्या माळावर दिवसभर पायपीट केली. एडेल स्टेशनावर उतरलो, जेकब्ज लॅडरची चढण चढलो आणि पठाराच्या कडेकडेनं किंडर डाउनफॉलच्या धबधब्यापर्यंत जाऊन आलो. आपली परवानगी घेतली नव्हती. त्याबद्दलची नाराजी आपण जागच्या जागी व्यक्त केलीत. हेदरच्या झुडपातून फडफडत उठलात आणि ओरडलात, "गो बॅक, गो बॅक, गो बॅक!" इथले पक्षीनिरीक्षकही आपला आवाज असाच लिहितात, तेव्हा माझ्या कानांचा दोष नाही. बाकीचे हसले. मी पडलो मुंबईचा. 1928 साली सायमन कमिशन मुंबईच्या बंदरात उतरलं तेव्हा त्याचं स्वागत आम्ही याच शब्दांत केलं होतं. ती घोषणा यूसुफ मेहेरअलींची. तिची परतफेड इंग्लंडातला एक पक्षी करील, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

असो. मला विचारायचं आहे ते वेगळंच. हा माळ आपला आहे, असं आपल्याला सांगितलं कोणी?

ज्यांनी सांगितलं, त्यांनी आपली सरबराई उत्तम ठेवली, हे मान्य. इंग्लंडमधल्या शिकारीच्या माळांवर आपल्याला कोवळे कोंब मिळावेत म्हणून हेदरचे पट्टे आळीपाळीनं जाळतात आणि लपायला जुनी उंच झुडपं राखून ठेवतात. कोल्हे आणि कावळे आपल्या वाटेला जाऊ नयेत म्हणून रखवालदार त्यांचाच काटा काढतात. हेदर पचवायला आपल्याला खडी गिळावी लागते. ती खडीसुद्धा जंतांचं औषध लावून ठिकठिकाणी मांडलेली असते. धोंड्याच्या महिन्यात जावयाची इतकी बडदास्त कोणी ठेवत नाही. फरक एवढाच, की जावयाला जेवणानंतर गोळी घालत नाहीत.

12 ऑगस्ट ते 10 डिसेंबर हा आपल्यासाठी घातवार. हाकारे रांगेनं निशाणं फडकावत येतात आणि आपल्याला उठवतात. पुढे दगडी आडोशांमागे पैसे मोजून आलेले पाहुणे बंदुका रोखून उभे असतात. रविवारी तेवढी आपल्याला सुटी, कारण 1831 चा शिकारीचा कायदा त्या दिवशी बार काढू देत नाही. हे सगळं सोसून आपण ओरडता कोणावर? तर पाठीला पिशवी आणि हातात चहाचा थर्मास असलेल्या आमच्यावर!

यजमानांनी आपल्या नावावर काय काय केलं, हे आपल्या पूर्वजांनी सांगितलं नसेल तर मी सांगतो. 24 एप्रिल 1932, वारही रविवारच. गिरण्या-कारखान्यांत राबणारी आणि मंदीत काम गेलेली मँचेस्टरची तरुण मंडळी हेफील्डच्या बाजूनं या माळाकडे निघाली. आकडे निरनिराळे सांगतात, पण चारेकशे तरी असावीत. पुढे होता 20 वर्षांचा बेनी रॉथमन. वर काठ्या घेतलेले रखवालदार उभे होते. थोडी झटापट झाली, आणि खाली परतल्यावर पोलिसांनी धरपकड केली. नुसतं दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकणं हा फौजदारी गुन्हा नव्हता, म्हणून दंगलीची कलमं लावली. पाच जण तुरुंगात गेले. रॉथमनला चार महिने पडले. आणि माळ बंद ठेवण्याचं कारण काय सांगितलं जाई? तर आपल्या माद्या अंड्यांवर बसतात, त्यांना त्रास नको! एप्रिलमध्ये अंड्यांची काळजी वाहायची आणि त्यातून निघालेल्या पिल्लांवर ऑगस्टमध्ये नेम धरायचा, अशी ही भूतदया.

पुढे 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. 1982 मध्ये किंडर नॅशनल ट्रस्टनं विकत घेतलं. 2002 मध्ये डेव्हनशरच्या अकराव्या ड्यूकनी, 1932 साली इथले जमीनमालक असलेल्या आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली. रॉथमन ती ऐकायला नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत ते वारले होते.

आमच्याबद्दल आपली एक तक्रार मात्र रास्त आहे. पाय आमचेही जड आहेत. हा माळ म्हणजे पीट, पाण्यात हजारो वर्षं साठलेली काळी वनस्पती. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढणारी ही ठेव आम्ही बुटांनी उकरतो. आमचे म्होरके "जरा ओलसर आहे" म्हणाले, तेव्हा त्यांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत होता. पण माळ उघडा पाडण्याचा पहिला मान मँचेस्टर-शेफील्डच्या धुराड्यांचा. त्यांच्या काजळीनं आणि आम्लपावसानं पाणी धरून ठेवणारं स्फॅग्नम शेवाळ मेलं. आता तेच शेवाळ हातानं लावतात आणि चरांना बांध घालतात. पेनाइन वे या लांब पायवाटेच्या काही टप्प्यांवर पाडलेल्या गिरण्यांच्या फरश्या अंथरल्या आहेत. ज्या गिरण्यांच्या कापडाची पुण्यात 1905 साली होळी झाली, त्यांच्या जमिनीवरून माझ्यासारख्याला कोरड्या पायांनी चालता येतं. लँकेशरचे उपकार मानायचे तर ते एवढेच.

आपल्या विणीचं म्हणाल, तर आमच्यातला कुत्रासुद्धा 1 मार्च ते 31 जुलै आखूड दोरीवर असतो. तसा कायदाच आहे, आणि तो आम्हाला पटतो.

तरीही माणसं आली की ग्राऊस संपेल, असा गळा कोणी काढलाच, तर आपण आपल्या स्कॉटलंडमधल्या भाऊबंदांकडे चौकशी करावी. तिथे 2003 च्या कायद्यानं जबाबदारीनं चालणाऱ्याला बहुतेक सगळी जमीन मोकळी आहे, आणि आपले भाऊबंद तिथे अजून ओरडत आहेत. इंग्लंडमध्ये 2000 च्या कायद्यानं असा मुक्त संचार मिळाला तो सुमारे 8 टक्के जमिनीवर. उरलेल्या ठिकाणी आखून दिलेली पायवाट सोडली, की आजही आम्ही आगंतुक. आपल्या नावाची पाटी पुढे करून हे चालतं, म्हणून हा पत्रप्रपंच. एकदा आपण स्वतःच सांगून टाका, की आपल्याला बंदुकीचा त्रास होतो, बुटांचा नाही.

क्लबाची पुढची फेरी ऑगस्टमध्ये आहे. वार रविवारच ठरवला आहे, म्हणजे त्या दिवशी आपणही मोकळे असाल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक आगंतुक