चापावरचे बोट आणि ठासणीची बंदूक

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाने स्वयंचलित बंदुकीची व्याख्या बोटावरून केली आहे: चाप दाबल्यावर, बोट उचलेपर्यंत किंवा मॅगझिन (म्हणजे काडतुसांचा खण) रिकामे होईपर्यंत जिच्यातून गोळ्या सुटत राहतात, ती बंदूक निषिद्ध होय. अर्धस्वयंचलित बंदूक पुढचे काडतूस स्वतः भरून घेते, मात्र प्रत्येक गोळीसाठी बोटाला नव्याने कष्ट देते. तिच्याबाबत प्रकार आणि नळीचे माप पाहून निर्णय होतो. बोटाच्या या कसोटीवर साधा गावठी कट्टा अगदी सज्जन ठरतो, कारण एका दाबाला त्यातून एकच गोळी सुटते आणि प्रसंगी गोळीऐवजी धारकाचे बोटच सुटते. परवाना नसणे, एवढीच काय ती त्याची उणीव.

परवाना असतो तो जामखेडच्या माळावर रब्बीची ज्वारी राखणाऱ्या शेतकऱ्याकडे. पीकसंरक्षणासाठी कायद्याच्या कलम १३ ला ठासणीची बंदूक मान्य आहे, म्हणजे तोंडातून दारू ओतून, छर्रे घालून, गजाने ठासून भरायची बंदूक. याच तालुक्यातील खर्ड्याच्या रणात १७९५ साली मराठे आणि निजाम यांच्या शिपायांनी भरली तीच ही रीत, आणि ती पूर्ण होईतो रानडुकरांचा कळप अर्धा वाफा आटोपून पुढच्या बांधावर गेलेला असतो. तरीही लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगर परिषद यांपैकी कोणतीही निवडणूक लागली की लोकशाहीला पहिला धोका याच नळीचा दिसतो, आणि शस्त्र जमा करण्याचा आदेश निघाला की म्हातारा शेतकरी ती धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून एसटीने पोलीस ठाण्यात नेतो, पावती घेतो, ती जपतो आणि महिनाभर पत्र्याचा डबा बडवून राखण करतो, कारण आचारसंहिता रानडुकरांना लागू नसते. कट्ट्याला तर जमा होण्याचा आदेशच निघू शकत नाही. जे कागदावर नाही ते जमा कोण करणार?

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणारी अग्निशस्त्रे तीनवरून दोनवर आणली, म्हणजे मोजलेल्यांचीच पुन्हा मोजणी झाली. हा बंदोबस्त नव्हे, गरिबाची निव्वळ छळणूक आहे. त्याच दुरुस्तीने जल्लोषातील बेदरकार गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले. परंतु निकालाच्या गुलालात हवेत गोळी सुटली, तर पहिली विचारणा त्या म्हाताऱ्याकडेच होणार, कारण शस्त्रधारकांच्या यादीत पत्त्यासह नाव त्याचेच आहे.