तपासणीचा डबा : बांधणाऱ्यांसाठी सूचना

हे मार्गदर्शन डबा बांधणाऱ्यांसाठी आहे. रुग्णाने ते वाचू नये. वाचलंच तर तो स्वतःच्या सोयीचं तेवढं उचलतो आणि उरलेलं डॉक्टरांवर ढकलतो.

साधं रक्त-लघवी किनवटजवळच्या गोकुंद्याला होऊन जातं, त्यासाठी कुणी शिदोरी बांधत नाही. पंचाईत होते ती चिठ्ठीवर अनोळखी नाव आलं की. मग नांदेड किंवा आदिलाबाद, आणि नाव फारच लांबलचक असेल तर थेट हैदराबाद किंवा नागपूर. किनवटहून नांदेड दीडशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या वाटेला रुग्ण उपाशी निघतो आणि सोबत तिघं जेवणारे निघतात. डबा या तिघांचा, हे आधी मनाशी पक्कं करावं. रुग्णासमोर झाकण उघडायचं नाही, आणि 'आम्हालाही भूक नाही' असं खोटं बोलायचं नाही; हिमायतनगर यायच्या आत ते उघडं पडतं.

दुसरी अडचण अशी की, तपासणीच्या सूचना लिहिणारा माणूस ब्रेड-बिस्किटांवर वाढलेला असतो. काय खाऊ नये याची त्याची यादी मात्र आपल्या चुलीजवळ बसून केल्यासारखी वाटते. कोलोनोस्कोपी घ्या. दोन-तीन दिवस आधीपासून बिया बंद, कारण मोठ्या आतड्यात शिरलेल्या दुर्बिणीपुढे बी आडवी येते. म्हणजे जवसाची चटणी गेली, कारळाची गेली, तीळ गेले, पेरू गेला. चटण्या वजा केल्यावर मराठवाड्याच्या डब्यात उरतं काय, याचं उत्तर छापील कागदात नसतं. मऊ भात आणि वरणाचं वरचं पाणी द्यावं. रुग्ण 'याला जेवण म्हणतात का?' असं विचारेल. म्हणत नाहीत, हे मान्य करावं.

श्वासाची तपासणी दिसायला सोपी आणि डब्याला सर्वांत कठीण. दूध पचतं की नाही हे बघायला रुग्णाला लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर पाजतात आणि दोन-तीन तास ठरावीक वेळाने नळीत फुंकायला लावतात. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू तिच्यापासून हायड्रोजन वायू तयार करतात. तो रक्तातून फुप्फुसात आणि तिथून फुंकरीत येतो. पण जिवाणूंना साखरच पाहिजे असं नाही, कालचं तुरीचं वरण आणि ज्वारीची भाकरीही चालते. म्हणून आदल्या दिवशी वरण, भाकरी, कांदा, दूध सगळं बंद. पांढरा भात तेवढा चालतो. इथे घरातल्या वडीलधाऱ्यांवर लक्ष ठेवावं. प्रवासाला दशम्या द्यायची त्यांची जुनी सवय, आणि दशमीचं पीठ दुधात भिजवलेलं असतं. 'एवढ्यानं काय व्हायलंय?' हे वाक्य ऐकू आलं की डबा पुन्हा उघडून तपासावा. माहूरहून कुणी तांबूल आणून ठेवला असेल तर तोही उंचावर ठेवावा. श्रद्धेने खाल्ला तरी तो पोटातच जातो. फुंकण्याच्या मधल्या वेळेत रुग्णाला झोपू देत नाहीत. सोबतच्यांना ही बंदी नाही, पण घोरू नये.

एका तपासणीत उलट आहे, तिथे आधी खाणं सक्तीचं असतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर मोजायची असेल, तर आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. आपल्याकडे मात्र या तपासणीकडे बोर्डाच्या परीक्षेसारखं बघतात. निकाल चांगला यावा म्हणून माणूस तीन दिवस भाकरी सोडतो, मेथीचं पाणी पितो आणि आकडा उलट जास्त निघायची सोय करून ठेवतो. असा माणूस घरात असेल तर दोन भाकरी आणि भात त्याच्या समोर बसून खाऊ घालावा. आदल्या रात्रीनंतर पुन्हा काही नाही. चहासुद्धा खाण्यातच मोजतात, हे त्याला वेगळं सांगावं लागतं.

आता इडली. जेवण जठरातून किती वेगाने पुढे सरकतं हे बघण्याची एक तपासणी आहे. तिच्यात रुग्णाला टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ मिसळलेलं जेवण देतात आणि गामा कॅमेऱ्याने चार तासांपर्यंत अधूनमधून पोटाचे फोटो काढतात. अमेरिकी तज्ज्ञांनी २००८ साली ठरवलेलं जेवण असं : अंड्यांचा पांढरा भाग, ब्रेडचे दोन तुकडे, स्ट्रॉबेरीचा जॅम आणि पाणी. अंडं न खाणारे एवढे लोक असलेल्या देशात हे कसं जमायचं? भारतात काही डॉक्टरांनी इडलीवर प्रयोग केले आणि इडलीही हे काम करते असं दाखवलं. कुणीतरी भाकरीवर प्रयोग करायला हवा होता, पण दक्षिणेकडच्या लोकांनी बाजी मारली. डबा बांधणाऱ्याला आयुष्यात सुट्टी मिळते ती याच दिवशी. रुग्णाचं जेवण दवाखानाच देतो. ते दहा मिनिटांत संपवायचं असतं, म्हणून चटणी मागू नये, सांबार कुठंय असं विचारू नये, आणि 'आमच्या हिची इडली जास्त मऊ असते' हे चार तासांनंतर सांगावं. टेक्नेशियमचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो, त्यामुळे घरी आल्यावर शेजाऱ्यांनी अंधारात तोंड निरखून बघायची गरज नाही.

मुळा, केळी आणि वांगं यांचा वेगळा विचार करावा लागतो. शौचातलं न दिसणारं रक्त शोधायच्या जुन्या पद्धतीच्या तपासणीत मुळा नसलेलं रक्त दाखवू शकतो. काही गाठी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. तशा गाठीचा संशय आला की २४ तासांची लघवी तपासतात, आणि त्याआधी काही दिवस केळी, टोमॅटो, अननस, अक्रोड, बहुतेक यादीत वांगंही बंद असतं. अक्रोडाचं आपल्याला दुःख नाही. पण नांदेडच्या वाटेवर अर्धापूरची केळी दिसणार, आणि वांग्याशिवाय रविवार काढायचा, हे जड आहे. केळी सोबतच्यांनी खावीत, पण साल रुग्णाच्या मांडीवर ठेवू नये.

२४ तासांच्या लघवीचा कॅन प्रयोगशाळा देते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, घड्याळ बघायचं, आणि तिथून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी कॅनमध्ये, शेवटची सकाळचीसुद्धा. आपल्या घरांत कुठलंही भांडं परकं आलं की आधी विसळतात. हा कॅन विसळू नये. तळाशी दिसतं ते घाण पाणी नसतं, मुद्दाम घातलेलं आम्ल असतं. ते ओतलं की तपासणी गेली, अंगावर उडालं की कातडी गेली. कॅन थंड ठेवायचा असतो, म्हणून प्रवासात तो बर्फाच्या पिशवीत जातो. ताकही बर्फाच्या पिशवीतच जातं. दोन्हींच्या पिशव्या वेगळ्या रंगाच्या घ्याव्यात, एकाच माणसाच्या हाती देऊ नयेत, आणि कॅनवर रुग्णाचं नाव मोठ्या अक्षरांत असावं. रेल्वेच्या डब्यात शेजारचा प्रवासी विचारेलच, 'ताक आहे का?' 'नाही' एवढंच म्हणून थांबू नये, त्याला वाटेल आपण द्यायला नको म्हणतोय. 'तपासणीचं आहे' म्हणावं आणि खरी ताकाची पिशवी त्याच्या पुढे करावी. बहुतेक वेळा तोही नको म्हणतो.