राज्य कुणावर?

थायलंडमधली मुलं खेळ सुरू करण्याआधी निवडणूक घेतात आणि तीत अल्पमतवाले जिंकतात. ‘ओ नोई ओक’ असं या निवडणुकीचं नाव. गोल करून उभं राहायचं, एका सुरात हे तीन शब्द म्हणायचे आणि हात पुढे टाकायचा. कुणाचा तळवा वर, कुणाचा खाली. ज्या बाजूला कमी हात, ते सुटले. उरलेल्यांनी पुन्हा हात टाकायचे. आपल्याकडे पोरं चकतात, ते हेच. शेवटी दोघं उरले की दगड-कागद-कात्री, आणि हरेल त्याच्यावर राज्य. राज्य येणं ही शिक्षा असते, हे त्यांच्या आणि आपल्या पोरांना एकाच वयात कळतं. पुढे सगळे ते कसं विसरतात, कोण जाणे.

एकदा राज्य ठरलं की साप निघतो. ‘न्गू किन हांग’ म्हणजे शेपूट खाणारा साप. यात एक आई-साप असते, एक बाप-साप. आईमागे पोरं एकमेकांच्या कंबरा धरून रांगेनं उभी, समोर बाप एकटा. त्याला हवं असतं शेवटचं पोर, पण एकदम झडप घालणं शिष्टाचारात बसत नाही. आधी तो आईला विचारतो की बाई, पाणी कुठल्या विहिरीचं पितेस? आई कधी दगडाची विहीर सांगते, कधी वाळूची, कधी दुःखाची, आणि दर उत्तराला यमक जुळवून सगळी रांग डोलते. एवढी विचारपूस झाल्यावरच बाप पोरं खायला धावतो. बापानं आपलीच पोरं का खावीत, असं कुणी विचारत नाही. घरोघरच्या बापांबद्दल मुलांची काही मतं असणारच.

मग खरी मजा. आई हात पसरून आडवी येते, रांग तिच्यामागे वळते. आई दोन पावलं सरकली की शेपटीच्या पोराला दहा पावलं धावावं लागतं. मधली पोरं हसून हसून ढिली पडलेली, कुणाचा सदरा कुणाच्या मुठीत, आणि शेपटीचं पोर, जे बहुधा कुणाचं तरी गळ्यात पडलेलं धाकटं भावंड असतं, ते पार बाहेर भिरकावलं जातं. बापाला ते आयतंच मिळतं.

‘मोन सोन फा’ हा खेळ त्या मानानं बैठा. मोन ही ब्रह्मदेशातून येऊन थायलंडात स्थायिक झालेली जमात, आणि खेळाचं नाव सांगतं की मोन फडकं लपवतोय. मराठी माणसाला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. मामाचं पत्र हरवलं की आपण जे करतो, तेच. फक्त त्यांच्याकडे पत्राऐवजी चौकडीचा पंचा असतो. त्याला पीळ देऊन घट्ट सोटा करायचा आणि गोलाबाहेरून फिरता फिरता कुणाच्या तरी पाठीशी हळूच टाकायचा. मागे वळून बघायला बंदी, पण हात मागे नेऊन चाचपायला परवानगी. त्यामुळे सगळे गंभीर चेहऱ्यानं समोर बघत गाताहेत आणि मागे वीस हात मातीत चाचपडताहेत, असा देखावा असतो. ज्याला पत्ता लागला नाही, त्याच्या पाठीत तोच पंचा बसतो. आपला मामा बिचारा नुसतं पत्र पाठवायचा.

या खेळांच्या साहित्याचा खर्च शून्य. नारळाच्या दोन करवंट्या पालथ्या घालायच्या, भोकातून दोरी ओवायची, ती पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायची आणि टकटक करत शर्यत लावायची. करवंटीचा कंगोरा तळव्याला असा रुततो की पहिला येणाराही लंगडतच येतो. केळीच्या पानाचा दांडा कापला, टोकाला थोडं पान शेपटीसाठी ठेवलं की घोडा तयार. त्याच दांड्याला वरून तिरके काप देऊन पापुद्रे उभे केले आणि त्यांवरून सर्रकन हात फिरवला की फटफट आवाज करणारी बंदूक. म्हणजे घोडदळ आणि दारूगोळा एकाच झाडावर. 1965 पासून थायलंडात जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी बालदिन असतो. त्या दिवशी लष्कर पोरांना खऱ्या रणगाड्यांवर चढू देतं आणि पंतप्रधानांच्या खुर्चीत बसून फोटोही काढता येतो. तिथे मात्र राज्य घ्यायला रांग लागते. मला विचाराल तर केळीची बंदूकच सरस. संध्याकाळी गुरांना घालता येते.

रबरी उड्यांचंही तसंच. थायलंड नैसर्गिक रबराच्या उत्पादनात जगात पहिला, पण पोरांना रबर मिळतं ते कोपऱ्यावरच्या खाणावळीतून. तिथे रस्सा असो की सरबत, प्लास्टिकच्या पिशवीत ओततात आणि तोंडाला रबर गुंडाळून देतात. रस्सा मोठ्यांच्या पोटात, रबर पोरींच्या साखळीत. मग दोघी टोकं धरतात आणि बाकीच्या उड्या मारतात. आधी घोट्यापाशी, मग गुडघा, कंबर, शेवटी डोक्याच्या वर.

‘ती चाप’ पाहिला तर आपला जुना हुतूतूवाला गडी तिथेच ठाण मांडून बसेल. मध्ये रेघ, दोन बाजूंना दोन संघ, आणि चढाई करणारा एका दमात ‘ती’चा सूर धरून समोरच्यांना शिवायला जातो. दम सुटला की धरला. 2010 साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत महिलांची कबड्डी पहिल्यांदा आली, तेव्हा अंतिम सामन्यात भारतासमोर थायलंडच होता. सुवर्ण आपलं, रौप्य त्यांचं. त्यांच्या चिकाटीचं अनेकांना नवल वाटलं. मला वाटलं नाही.

अडचण आहे ती पोरांचीच. 1963 ते 1983 या काळात थायलंडात दरवर्षी दहा लाखांहून जास्त मुलं जन्मली. 2024 साली पाच लाखसुद्धा नाहीत. बाकी सगळ्या साहित्याला पर्याय असतो, पण पोरांना नाही. तीन पोरांचा साप म्हणजे निव्वळ गांडूळ, आणि चौघांत फडकं कुणामागे पडलं ते आंधळाही सांगेल.

म्हणून अनेक ठिकाणी आता मोठी माणसंच खेळतात. एप्रिलात सोंगक्रानला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, माणसं गावाकडे परततात आणि काका-मावश्या रस्सीखेचीला उभ्या राहतात. बँकॉकलगत फ्रा प्रदेंगला मोन वस्तीत याच सुमारास ‘साबा’ रंगतो. मोठाल्या चपट्या बिया, हल्ली लाकडी चकत्या, ओळीनं उभ्या करायच्या आणि दुसऱ्या बाजूनं नेम धरून पाडायच्या. एका बाजूला मुली, दुसऱ्या बाजूला मुलगे, आणि वडीलधारे बाजूला बसून नेम सोडून बाकी सगळ्यावर लक्ष ठेवणार.

ती साबाची बी म्हणजे आपल्या कोकणातली गारंबी. हातभर शेंगेतल्या त्या तपकिरी, गुळगुळीत बिया कुणाच्या माळ्यावर पडून असतील, तर त्या यंदाच्या मे महिन्यात खाली काढा. अंगण आहेच, आणि मुंबईहून पोरं आली नाहीत तर आपण मोठे आहोतच की.