आयजीच्या जिवावर

शासन निर्णय कुठलाही असो, अनुभवी सरपंच शेवटचा परिच्छेद आधी वाचतो. वरची चार पानं गावाच्या कल्याणाची असतात. 'सदर खर्च ग्रामपंचायतीने स्वनिधीतून भागवावा' ही शेवटची ओळ मात्र खास त्याच्यासाठी असते. जिंतूरपासून सोनपेठपर्यंत परभणी जिल्ह्यात ती पाठ नसलेला सरपंच दाखवा आणि जाहीर सत्कार करा. (खर्च अर्थातच स्वनिधीतून.)

स्वनिधी म्हणजे मुख्यतः घरपट्टी नि पाणीपट्टी. सोयाबीन पाण्यात गेलेल्या माणसाच्या ओट्यावर शिपाई पावतीपुस्तक घेऊन टेकला, की त्याला चहा मिळतो. पावती फाटत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा आला, नाही असं नाही. त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, उरलेले ४० टक्के 'अबंधित'. २०२१ मध्ये महावितरणनं थकबाकीपायी गावोगावच्या पथदिव्यांची वीज तोडली, तेव्हा सरकारनं उदार मनानं सांगितलं, भरा बिल आयोगाच्या निधीतून! संगणक परिचालकाच्या नावानं महिन्याला १२,३३१ रुपये ठेकेदार कंपनीला जायचे, तेही त्यातूनच. परिचालकाच्या हाती त्यातले जेमतेम निम्मे पडायचे. जलजीवन मिशनमध्ये गावाची वर्गणी साधारण १० टक्के. टाकी झाली की मोटारीचं बिल, गळती, दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या गळ्यात. कोनशिलेवर सरपंचाचं नाव मात्र सगळ्यात खाली, तेही जागा उरली तर.

१९९३ मध्ये लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींसाठी २९ विषयांची यादी दिली. यादी गावात पोचली. पैसा आणि माणसं मुंबईहून अजून निघायची आहेत.

तरी ओझं हलकं करायला सरकारनं काहीच केलं नाही, असं कसं म्हणावं? २०२४ मध्ये ग्रामसेवकाचं नाव बदलून 'ग्रामपंचायत अधिकारी' केलं की! दोन-दोन गावं सांभाळणारे भाऊसाहेब अधिकारी झाले. गावं दोनच राहिली.

वरून खर्च खाली ढकलायच्या या सवयीवर अमेरिकेनं १९९५ मध्ये कायदाच केला: खालच्या सरकारांवर मोठा खर्च टाकायचा, तर तो किती ते आधी मोजून सांगा. त्यालाही पळवाटा आहेत, पण निदान आकडा तरी कळतो. आपल्याकडे आकडा सरपंचाला कळतो, तोही बिल आल्यावर.

तेव्हा सरपंचहो, पुढचं परिपत्रक आलं की पोचपावतीवर सहीच्या वर एवढंच लिहा: 'कागद मिळाला. रक्कम मिळाली नाही.'