बेज रंग मंजूर करणाऱ्या साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. अंतर्गत रंगसंगती विभागप्रमुख साहेब,
(कुठल्याही एका मोटार कंपनीचे. आम्हाला सगळे सारखेच.)

सा. न. वि. वि.

आपलं नाव आम्हाला ठाऊक नाही. इंजिन किती ताकदीचं, दिवे कसले, हे जाहिरातीत ठळक येतं. सीटला हा रंग कोणी दिला ते मात्र कधीच छापून येत नाही. यामागे आपल्या जीविताच्या सुरक्षेचा विचार असणार. तो रास्त आहे.

आधी अभिनंदन. शोरूममध्ये आपली गाडी दिसते मात्र देखणी. वर पांढरेशुभ्र दिवे, खाली चकाकती फरशी, आणि दार उघडलं की आत सगळं बेज. शेजारचा सेल्समन हळूच ‘प्रीमियम फील’ म्हणतो आणि मागच्या सीटवर बसून बघणाऱ्या आमच्या सासूबाई ‘प्रशस्त आहे हो’ म्हणतात. व्यवहार तिथेच संपतो.

हा रंग आपण उगाच निवडलेला नाही, हे आम्ही जाणून आहोत. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं आणि पुढे डिकीवाली गाडीसुद्धा चार मीटरांत बसवायची रीत पडली. डिझायर २०१२ साली ३,९९५ मिलिमीटरवर आली. पाच मिलिमीटर शिल्लक ठेवले ते बहुधा दृष्ट लागू नये म्हणून. लांबी सरकारने ठरवली, रुंदी रस्त्याने. आता मागे बसलेल्या तिघांना ऐसपैस वाटायचं तर हाताशी उरला फक्त रंग. गुडघ्यांना जी जागा देता आली नाही ती आपण डोळ्यांना दिलीत.

त्यातही आपल्या क्षेत्राची योजकता वाखाणण्यासारखी. स्विफ्ट आतून काळी, आणि तिचीच डिकीवाली बहीण डिझायर आतून बेज. म्हणजे एकटादुकटा तरुण जी चालवणार ती काळी. जिच्यात आजी, दोन पोरं, डबे, नारळ, प्रसाद आणि ओल्या छत्र्या बसणार, तिला फिकट कापड. संसाराला पांढरं नेसवायची ही हौस आपल्याला कुठून आली, ते कळत नाही.

आता थोडं या संसाराविषयी. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड आपण कधी जवळून पाहिली आहे का? माणूस रोज तिच्यावरूनच घसरत आत शिरतो, आणि बहुधा जीन्समध्ये. जीन्सची नीळ सुताच्या गाभ्यात मुरत नाही. धाग्याच्या अंगावर थर देऊन बसलेली असते. घासलं की सुटते, घामाने आणखी सुटते, आणि पावसात भिजलेली जीन्स असेल तर विचारूच नका. पहिल्या दिवाळीला ती कड आभाळी दिसते, दुसऱ्या दिवाळीला निळी, आणि कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत तिला कोणताच रंग सांगता येत नाही.

दुसरी हळद. गणपतीला गावी गेलं की निघताना मामी आमटीचा डबा देणारच, आणि घाटाच्या वळणावर झाकण दगा देणारच. मग घरातला एखादा उत्साही माणूस साबण घेऊन धावतो. हळदीतलं कर्क्युमिन साबणाच्या अल्कलीने लाल होतं. पूर्वी हळदीपासून कुंकू करत ते याच गुणावर. डाग निघत नाहीच, पण सीटवर कोणाचा तरी खून झाल्यासारखं दिसू लागतं. उन्हात मात्र हळद विटते, हे प्रत्येक घरात माहीत असतं. तेव्हा पुढच्या मॉडेलमध्ये सीट काढून गच्चीवर वाळत घालायची सोय द्यावी, ही नम्र सूचना.

आणि माती. मे महिन्यात लांजा-राजापूरकडे चक्कर मारून आलेल्या बेज गाडीच्या सीटच्या शिवणी बघा. जांभ्याची तांबडी धूळ त्या दोऱ्यात अशी बसते की व्हॅक्यूम क्लीनर हात टेकतो. ओला फडका मारला की धूळ निघत नाही, पसरते. छताला मारायची तर सोयच नाही. ते कापड पातळ फोमवर चिकटवलेलं असतं, पाणी जास्त झालं की सुटून डोक्यावर लोंबतं. आमच्याकडे कोकणात तांबडी माती, देशावर आणि विदर्भात काळी. बेज माती कोणत्या तालुक्यात आहे ते कळवावं, पुढच्या सुट्टीत तिकडेच जाऊ.

जनतेने यावर आपल्या परीने उपाय काढला आहे. गाडी ताब्यात आली की हार, नारळ, चाकाखाली लिंबू, आणि तिथून थेट सीट कव्हरवाल्याकडे. पुण्यात असाल तर नाना पेठ, मुंबईत असाल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथे आपल्या बेजवर काळं किंवा तपकिरी रेक्झिन ताणून चढवतात. प्रीमियम दिसण्याचे पैसे शोरूमला, आणि ते झाकण्याचे पैसे कव्हरवाल्याला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती हीच. (ज्या गाडीत सीटच्या कडेतून एअरबॅग उघडते तिथे असं घट्ट कव्हर तिच्या आडवं येऊ शकतं. हे वाक्य थट्टेत धरू नये.)

मग काळं घ्या, असं आपण म्हणाल. घेतलं. आमच्या दाजींनी. ‘स्पोर्टी’ म्हणून. दाजी नागपूरला असतात.

आगीतून फुफाट्यात जाणं म्हणजे काय, ते मे महिन्यात दुपारी दोन वाजता दाजींच्या गाडीत बसल्यावर कळतं. ताई आधी ओढणी सीटवर टाकते, मग बसते. दाजी पट्ट्याचं बक्कल रुमालाने धरतात आणि पहिल्या सिग्नलपर्यंत स्टिअरिंग दोन बोटांच्या टोकांनी फिरवतात. याला अतिशयोक्ती म्हणू नका. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली उन्हात तासभर ठेवलेल्या गाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापला होता, स्टिअरिंग ५३ आणि सीट ५१ अंशांपर्यंत. ॲरिझोनाचं ऊन नागपूरकराला परकं वाटणार नाही.

न्यायाने बोलायचं तर सगळा दोष काळ्या रंगाचा नाही. ऊन काचेतून आत येतं, सीट-डॅशबोर्डला तापवतं, आणि त्यांची उष्णता काचेतून तशीच बाहेर पडू शकत नाही. त्यामुळे बंद गाडीतली हवा बेजमध्येही भट्टीच होते. काळ्याचा खरा हिसका बसतो तो कातडीला. आणि गंमत पुढेच आहे. डॅशबोर्डचा माथा फिकट केला तर त्याचं प्रतिबिंब पुढच्या तिरप्या काचेत पडतं आणि रस्त्यावर पातळ पडदा ओढल्यासारखं दिसतं. म्हणून बेज गाडीतसुद्धा तो माथा बहुधा गडदच ठेवतात. म्हणजे जी जागा सगळ्यात जास्त ऊन खाते ती दोन्हीकडे काळी. एवढं शहाणपण आपण दाखवलंत म्हणून आभार. पुढे लोक तिथे पांढरा नॅपकिन पसरून त्यावर देव मांडतात, तो भाग वेगळा.

बरं, काळ्यावर घाण दिसत नाही, ही अफवा कोणी उठवली? चिवड्याचे पोहे दिसतात, शेव दिसते, आंब्याच्या पेटीतला पेंढा दिसतो, घाम वाळल्यावर मिठाच्या रेघा दिसतात. पावसाळ्यात चार दिवस गाडी बंद राहिली की पांढरी बुरशी तर अशी उठून दिसते, जणू रांगोळी. गिअरभोवती जे चकचकीत काळं प्लास्टिक आपण लावता, पियानो ब्लॅक म्हणे, ते घरातल्या प्रत्येकाच्या बोटांचे ठसे जपून ठेवतं. उद्या गाडी चोरीला गेली तर पोलिसांचं काम सोपं, एवढाच त्याचा उपयोग.

यावर आपण काढलेला तोडगा तर अजबच. आधी सीटला काळं लेदरेट चढवायचं, मग ते तापतं म्हणून खालून पंखा बसवायचा आणि त्याला वरचं व्हेरियंट म्हणायचं. त्याच व्हेरियंटमध्ये वर भलंमोठं काचेचं छत. खिडक्यांवरच्या काळ्या फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काढायला लावल्या, त्याची कारणं सुरक्षेची होती. डोक्यावर खिडकी पाडा, असं मात्र कोणत्याही न्यायालयाने सांगितल्याचं ऐकिवात नाही.

या सगळ्यात एकच वर्ग सुखी दिसतो, तो म्हणजे सरकारी साहेबांचा. त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर पांढरा टर्किश टॉवेल असतो. लोक त्याला सत्तेचा मानदंड समजून हसतात. आम्ही हसत नाही. तापत नाही, घाम टिपतो, आणि मळला की शिपाई उचलून धुवायला टाकतो. सीटचा रंग कोणता हा प्रश्न सरकारने कधीच निकालात काढला आहे. आपल्या डिझाइन स्टुडिओला तो अजून सुटायचा आहे.

साहेब, मूळ तक्रार बेजची नाही आणि काळ्याचीही नाही. आम्हाला विचारलंच जात नाही, ही आहे. बाहेरच्या रंगासाठी आपण पुस्तिका पुढे करता, त्यात पांढऱ्याच्याच दोन जाती असतात. आतल्या रंगाचं विचारलं की सेल्समन म्हणतो, ‘ते व्हेरियंटबरोबरच येतं, सर.’ बाहेरचा रंग शेजारी बघतात. आत आम्ही बसतो.

तरी कृपया बुकिंगच्या फॉर्मवर आतल्या रंगासाठी एक चौकोन वाढवावा. त्यात एक पर्याय असा ठेवावा: छत फिकट, डॅशबोर्डचा माथा बिनचकाकीचा गडद, सीट चिक्कूच्या सालीच्या रंगाची, आणि पाय लागतात तिथून खाली सगळं मातीच्या जवळचं. सीटचं कापड चेन लावून काढता-घालता यावं, म्हणजे धुता येईल. यात प्रीमियम काही नाही, हे मान्य.

कळावे, लोभ असावा.

आपला,
हप्ते भरणारा एक ग्राहक

ता. क. : नव्या जीन्सचा रंग सीटला लागू शकतो, असा इशारा बऱ्याच गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत असतो. पुस्तिका गाडी घेतल्यावर हातात पडते. तेवढं वाक्य शोरूमच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावावं.