फूटरेस्ट उतरवणारा

फूटरेस्ट उतरवणारा हा मोटारसायकलस्वारांमधला एक प्रौढ पोटप्रकार आहे. चाळिशी उलटलेली, गृहकर्जाचे हप्ते आवाक्यात आलेले, पोरं दहावीच्या पुढे सरकलेली, अशा बेताला तो पूर्णावस्थेत दिसू लागतो. आठवडाभर तो मोटारीने कचेरीत जातो, मोटारसायकल रविवारची. ती त्याने विशीतल्या मनाने पसंत केलेली असते आणि चालवावी लागते पंचेचाळिशीतल्या गुडघ्यांनी. या दोहोंमधली तफावत मिटवण्यासाठी फूटरेस्टच्या जागी 25 मिलिमीटरचं ब्रॅकेट बसवून फूटरेस्ट खाली आणणारा तो हा इसम.

लक्षणं पहिल्या लांबच्या रपेटीत दिसतात. पुण्याहून पहाटे साताऱ्याच्या दिशेने निघालेला हा गृहस्थ खंबाटकी चढून आला की फोटो काढायला थांबतो. तिथे फोटो काढण्यासारखं फारसं काही नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. उतरल्यावर तो काही वेळ टाकीला धरून उभा राहतो आणि इंजिनाचा आवाज ऐकत असल्याचा चेहरा करतो. इंजिन तोवर बंद केलेलं असतं. पुढे वाईच्या अलीकडे सरळ रस्ता लागला की एक पाय काढून हवेत लांब करतो, थोड्या वेळाने दुसरा. तो खड्डा दाखवतोय असं समजून मागचे सोबती गाड्या बाजूला घेतात. मिसळीच्या टेबलावर विषय निघतो, पण ‘गुडघे दुखतात’ हे वाक्य तो उच्चारत नाही. तो म्हणतो, ‘‘ट्रँगल चुकलाय.’’

ट्रँगल म्हणजे सीट, हँडल आणि फूटरेस्ट या तीन बिंदूंचा त्रिकोण. स्वार गाडीला टेकतो तो एवढ्या तीन ठिकाणीच, त्यामुळे पाठ किती वाकणार, मनगटांवर किती भार येणार आणि गुडघा किती दुमडणार हे सगळं त्यातच ठरून जातं. सीट आणि फूटरेस्ट यांमधलं अंतर कमी असलं की गुडघा काटकोनाच्याही आत जातो. गुडघा वाकवून फार वेळ बसलं की वाटीच्या मागे दुखू लागतं. अस्थिरोगतज्ज्ञ या लक्षणाला थिएटरचंच नाव देतात, कारण नाटक-सिनेमा संपेपर्यंत पाय दुमडून बसलेल्या प्रेक्षकालाही हेच होतं. फरक इतकाच की नाटकाला मध्यंतर असतं आणि मध्यंतरात उठायची कुणाला लाज वाटत नाही.

फूटरेस्ट मुळात वर आणि मागे नेली कुणी, हे सांगितल्याशिवाय ही नोंद पुरी होणार नाही. 1950-60 च्या दशकांत ब्रिटनमधली तरुण पोरं लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमत. हा कॅफे 1938 सालचा. रस्त्यावरची साधी गाडी शर्यतीच्या गाडीसारखी दिसावी आणि पळावी म्हणून ती हँडल खाली घेत आणि फूटरेस्ट मागे-वर सरकवत. त्यामुळे टाकीवर पालथं पडून वारा चुकवता येई, आणि वळणावर गाडी कलवली तरी फूटरेस्ट रस्त्याला घासत नसे. या कामापायी त्यांचे पगार गॅरेजात जात. आता तीच बैठक कारखान्यातून तयार मिळते. 2018 मध्ये आलेली कॉन्टिनेन्टल जीटी 650 हे त्याचं सरळ उदाहरण. विलायतेतल्या विशीच्या पोरांनी पदरमोड करून वर नेलेली फूटरेस्ट कोथरूडमधला पंचेचाळिशीचा गृहस्थ पदरमोड करून खाली आणतो, हा या विषयातला सगळ्यात महागडा विनोद होय.

उपाय दुसरेही आहेत आणि ते स्वस्त आहेत. घरातून पहिली सूचना ॲक्टिव्हाची येते. ती तो ऐकू न आल्यासारखी करतो. पाय पुढे पसरून बसायला 2005 पासून बजाजची अ‍ॅव्हेंजर आहे, पण ती त्याच्या मते ‘वय झालेल्यांची’ गाडी. तिसरा उपाय मेकॅनिक सुचवतो.

‘‘सर, सीटमध्ये फोम टाकून देतो ना एक इंच. तेवढीच जागा मिळते पायाला.’’

‘‘उस्ताद, मग सिग्नलला पाय टेकणार नाहीत माझे.’’

‘‘तुमचे? तुम्ही तर उंच आहात.’’

या प्रश्नावर संभाषण संपतं. उंची 5 फूट 11 इंच असल्याचं तो सर्वांना सांगत आलेला असतो आणि फूटरेस्ट उतरवण्याची सगळी तात्त्विक बैठक त्या उंचीवर उभी असते. मेकॅनिकचं म्हणणं भूमितीच्या दृष्टीने बरोबर आहे. सीट एक इंच चढवली काय किंवा फूटरेस्ट एक इंच उतरवलं काय, गुडघ्याला मिळायचं ते जवळपास सारखंच मिळतं.

आता मिळतं किती, तेही पाहावं. मांडी आणि नडगी प्रत्येकी 44 सेंटिमीटर धरली आणि गुडघा बरोबर काटकोनात असला, तर नितंबाच्या सांध्यापासून पायापर्यंतचं अंतर सुमारे 62 सेंटिमीटर भरतं. ते 25 मिलिमीटरनी वाढवलं की काटकोनाचे जवळपास पंचाण्णव अंश होतात. म्हणजे फार तर पाच अंश. कागदावर हा आकडा दरिद्री दिसतो. तरीही 200 किलोमीटरच्या शेवटी तो जाणवतो हे खरं आहे, आणि म्हणूनच या इसमाची थट्टा थोडी सांभाळून करावी लागते.

ब्रॅकेट मिळवण्याचे मार्ग दोन. तयार ब्रॅकेट घेणं हा पहिला: ॲल्युमिनियमचं, काळं, मॉडेलनुसार कापलेलं, मूळ बोल्टांवर बसणारं. दुसरा मार्ग नाना पेठेत चौकशी करून भोसरीच्या लेथवाल्यापर्यंत जातो. अभियंता असलेला फूटरेस्ट उतरवणारा (आणि तो बहुधा असतोच) दुसरा मार्ग पत्करतो, कारण त्यात व्हर्निअर वापरता येतो. तो तीन बाजूंनी नकाशा काढतो, त्यावर तारीख आणि सही करतो. लेथवाला नकाशा बाजूला ठेवून मूळ फूटरेस्ट हातात घेतो, बोटाने अंतर दाखवतो आणि विचारतो, ‘‘इथून इथपर्यंत खाली ना?’’ वस्तू व्यवस्थित होते.

एक गोष्ट मात्र लेथवाल्याला बजावून सांगावी लागते. कारखान्याचं फूटरेस्ट पिनवर बसवलेलं असतं, त्याला स्प्रिंग असते आणि रस्त्याला लागलं की ते वर-मागे दुमडतं. घाईत पट्टीला वेल्डिंगने चिकटवलेलं फूटरेस्ट दुमडत नाही. वळणावर ते रस्त्यात रुतलं तर मागचं चाक उचललं जाऊ शकतं. इथे विनोदाला जागा नाही.

फूटरेस्ट खाली आलं, की पाय खाली येतो. गिअरचा खटका आणि ब्रेकचं पेडल मात्र जुन्याच उंचीवर राहतं. पहिल्या दिवशी हा इसम गिअर खाली टाकायला जातो आणि बुटाचं टोक खटक्याच्या वर न जाता खाली आपटतं. दुसऱ्या बाजूला पाऊल नकळत ब्रेकवर विसावतं, ब्रेक हलका लागलेला राहतो, पॅड तापतात आणि मागचा लाल दिवा पुण्यापासून शिरवळपर्यंत पेटलेला राहतो. मागून येणारे ट्रकवाले यावर स्पष्ट मतप्रदर्शन करतात. मग दुरुस्ती सुरू होते. गिअरच्या सळईच्या दोन्ही टोकांना लॉकनट असतात आणि त्यांतल्या एकाचे आटे उलटे; ते सैल करून सळई फिरवली की खटका वर-खाली होतो. उलटे आटे आहेत हे न कळल्यामुळे याच टप्प्यावर अनेक पाने आणि काही मैत्र्या निकामी झाल्या आहेत. ब्रेकचं पेडल खाली घ्यायचं, मग त्याच्या दिव्याचा स्विच पुन्हा जुळवायचा. एवढं झालं की गाडी चालवण्याजोगी होते, म्हणजे ब्रॅकेट बसवण्याआधी होती तितपत.

या इसमाला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न वळणावरच्या कलण्याचा. मित्रमंडळात एखादा तरी असा असतोच, जो म्हणतो, ‘‘आता तुझं फूटरेस्ट घासणार बघ घाटात.’’ शंका निराधार नाही. फूटरेस्टचं टोक जमिनीपासून 30 सेंटिमीटर उंच आणि चाकाच्या मध्यरेषेपासून 40 सेंटिमीटर बाहेर आहे असं धरलं, तर गाडी सुमारे 37 अंश कलेपर्यंत ते रस्त्याला लागत नाही. 25 मिलिमीटर खाली घेतल्यावर ही मर्यादा साडेचौतीस अंशांवर येते. अडीच अंश गेले म्हणून तो अस्वस्थ होतो, झोपताना छताकडे पाहत राहतो. वस्तुतः 30 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 40 किलोमीटरने जायला 23 अंश पुरतात, आणि आंबेनळी घाटात हा गृहस्थ याहून वेगाने गेल्याची नोंद नाही. घाटात त्याच्या पुढे एसटी असते. ती दिसेनाशी होऊ नये, इतकाच वेग तो राखतो.

गतिरोधकांची भीती त्यापेक्षा खरी आहे. आपल्याकडचे गतिरोधक गावकऱ्यांच्या संतापाच्या प्रमाणात उंच असतात. पण तिथे आधी आपटतं ते इंजिनाखालचं पत्र्याचं कवच, फूटरेस्ट नव्हे.

कायद्याचंही पाहिलं जातं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. प्रमाणपत्रात इंजिन असतं, रंग असतो, फूटरेस्टचा रकाना नसतो. तरी हा इसम ब्रॅकेटचं बिल कागदपत्रांच्या पाकिटात ठेवून फिरतो. चौकात हवालदाराने अडवलं, तर पीयूसी मागतो. ती संपलेली असते.

ब्रॅकेट हा शेवट नसतो. पाय खाली गेले, पाठ किंचित सरळ झाली, की हँडल लांब आणि खाली वाटू लागतं. म्हणून हँडलखाली रायझर येतात. हँडल वर गेलं की क्लचची केबल ताणली जाते, म्हणून लांब केबल येते. छाती वर आल्याने वारा लागतो, म्हणून पुढे काच लागते. शेवटी मेकॅनिकने पूर्वी सुचवलेला फोमही सीटमध्ये शिरतो, मात्र त्याला आता ‘टूरिंग सीट’ म्हणायचं असतं. हे सर्व पार पडल्यावर त्रिकोण मोजला, तर हा गृहस्थ कॉलेजात असताना त्याचे वडील ज्या 100 सीसीच्या गाडीवर ताठ बसून बँकेत जात, तिच्या त्रिकोणाशी आश्चर्यकारकपणे जुळतो. ती गाडी त्याने लाज वाटते म्हणून विकायला लावलेली असते.

मागे बसणाऱ्या व्यक्तीबद्दल या सर्व साहित्यात मौन आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 123 ने मागच्या स्वाराला धरायला आधार, पायाला फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून संरक्षक जाळी मिळावी एवढी काळजी घेतली आहे. पुढच्या स्वाराच्या उंचीची चिंता नियमाने केली नाही, मागच्याच्या गुडघ्यांची स्वाराने केली नाही. मागची फूटरेस्ट पुढच्यांपेक्षा वर असतात आणि तिथे बसणारीचे गुडघे जवळपास बरगड्यांपर्यंत येतात. लोणावळ्याला उतरल्यावर ती ‘‘पाय आखडले’’ एवढं सरळ मराठीत सांगते. त्यात अंश नसल्यामुळे ती तक्रार धरली जात नाही. पुढच्या रविवारपासून ती येत नाही, आणि मागची सीट काढून तिथे सामानाची पेटी बसवली जाते.

गाडी साधारण चार-पाच वर्षांत विकायला निघते. जाहिरातीत ब्रॅकेट, रायझर आणि काच यांचा उल्लेख असतो, किमतीत त्यांची भर घातलेली असते. घ्यायला विशीतला पोरगा येतो, गाडीभोवती फिरतो, खाली वाकून बघतो आणि म्हणतो, ‘‘काका, ओरिजिनल फूटरेस्ट आहेत ना? हे काढून द्या.’’ ती असतात. जुन्या वर्तमानपत्रात, तेल लावून, माळ्यावर. एका दुपारी मेकॅनिक सगळं पूर्ववत करतो आणि काढण्याचेही बसवण्याइतकेच पैसे घेतो. सुटलेलं ब्रॅकेट नव्या गाडीसाठी राखून ठेवलं जातं, पण तिच्या बोल्टांमधलं अंतर वेगळं निघतं.