आधी कूलर बंद करा

आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं, तेव्हा भारतातली त्याची किंमत २ लाख १४ हजार रुपये सांगितली गेली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कुठल्याही रकमेचा खरा अर्थ कापसात कळतो. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे हे कार्ड सव्वीस क्विंटलांच्या वर गेलं. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरा, अन् तोही सगळा हमीभावानेच विकला गेला असं समजा (समजायला पैसे पडत नाहीत), तर सव्वापाच एकर रान एका खोक्यात बसतं. फवारणी-वेचणीचा खर्च वेगळा.

तरी पोरं मागतात. "बाबा, एआय शिकाचं हाय." बाबा विचारतात, "मंग शिक ना. त्याले पंखे कायले लागतात तीन?" प्रश्न बाबांना वाटतो त्यापेक्षा बराच शहाणपणाचा आहे.

पोरांचं सोडा, ती शिकतील किंवा रात्रभर गोळीबार करतील. खरी गरज आहे ती लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्या स्टुडिओवाल्यांना. हळदीचं फोर-के शूटिंग, ड्रोनवरून दिसणारी वरात, त्यावर रंगकाम, अन् मुलीकडच्यांचा रोज फोन. या लोकांची दुकानातली मागणी ठरलेली: कार्ड भारी पाहिजे, बजेटमध्ये पाहिजे, टिकलं पाहिजे आणि आवाज नको.

दत्त चौकापासून आर्णी रोडपर्यंत कुठल्याही दुकानात एप्रिलमध्ये जाऊन पाहा.

"भाऊ, आवाज येते का याचा?"

"कूलर बंद करतो, मंग ऐका."

कूलर बंद होतो. दोन मिनिटं सगळे ऐकतात. तिसऱ्या मिनिटाला गिऱ्हाईकच घाम पुसत म्हणतं, "लावा बावा कूलर."

पत्र्याचा कूलर साठ डेसिबलच्या घरात सहज जातो. चांगलं कार्ड जोरात काम करताना पस्तीस-चाळीसच्या आसपास राहतं. दर दहा डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतलं तर मार्च ते जून यवतमाळात जगातलं प्रत्येक कार्ड शांतच आहे. शांततेसाठी पाच-सात हजार जादा मोजणाऱ्याने ते निदान दिवाळीनंतर तरी मोजावेत.

पण गोम वेगळीच आहे. कार्डाची चाचणी घेणारे लोक एकवीस-बावीस अंशांच्या खोलीत बसलेले असतात. तिथे चिप पासष्ट अंशांवर राहिली की पंखे हळू फिरतात, आणि परीक्षक 'अत्यंत शांत' लिहून मोकळा होतो. पण पंखा म्हणजे एसी नव्हे. तो खोलीतलीच हवा चिपवरच्या पत्र्यांतून ढकलतो, खोलीपेक्षा थंड काही करू शकत नाही. आपल्या उन्हाळ्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास, खोली बेचाळीसला; म्हणजे तेच कार्ड तेच काम करताना थेट पंच्याऐंशीला पोचणार. पंखे किंचाळतात, आणि नव्वदीच्या घरात कार्ड स्वतःच वेग कमी करतं. पुस्तकात शांत असलेलं कार्ड आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी शांत असतं. त्याला 'हंगामी' म्हणावं.

तेव्हा खोक्यावरचा 'सायलेंट' वाचू नका, वॉट वाचा. कार्ड जितके वॉट ओढतं, ते शेवटी जवळजवळ सगळे उष्णता होऊन तुमच्याच खोलीत पडतात. ५०९० ओढतं ५७५. ५०७० टीआय ३००. एएमडीचं आरएक्स ९०७० ओढतं २२०, आणि ५०६० टीआय १८०. आवाजाचा, टिकण्याचा आणि महावितरणच्या बिलाचा निकाल याच आकड्यात लागतो. तीनशे वॉट रोज पाच तास म्हणजे महिन्याला पंचेचाळीस युनिट. घरातला फ्रीज-कूलर आधीच तीनशे युनिटांच्या काठावर असेल, तर पुढच्या स्लॅबात ढकलायला एवढे पुरतात.

नंबरावर तर अजिबात जाऊ नका. ५०७० जाहीर करताना एनव्हिडियाच्या साहेबांनी ते आधीच्या पिढीच्या ४०९० एवढं चालेल असं स्टेजवरून सांगितलं. चालतं, पण कसं? चार फ्रेमांतली एक कार्ड स्वतः काढतं, उरलेल्या तीन अंदाजाने भरतं. नजर पैसेवारी पाहिलेल्या जिल्ह्याला हे समजावून सांगायला नको: शेतात एक असतं, कागदावर दुसरं. शिवाय ४०९० ला मेमरी २४ जीबी, ५०७० ला १२. नवरदेवाच्या व्हिडिओला त्या अंदाजपंचे फ्रेमांचा काडीचा उपयोग नाही, मेमरीचा आहे. आणि मेमरीचं बोलतोच आहोत तर ५०६० टीआय एकाच नावाने ८ आणि १६ अशा दोन जीबींत विकलं जातं. बिलावर '१६' लिहून घ्या. दुकानदार तोंडी सांगतो ती वेगळी पैसेवारी.

आवाजाचा हा रोग जुनाच. २००३ साली याच कंपनीचं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा इतकं घोंघावत असे की लोकांनी त्याला धूळ ओढायच्या यंत्राचं नाव दिलं होतं, आणि शेवटी कंपनीने स्वतःच स्वतःची टिंगल करणारा व्हिडिओ काढला. तेवढा मोठेपणा आता कोणी दाखवत नाही. आता पंखे दोनाचे तीन होतात अन् त्यांना सात रंगांचे दिवे लागतात.

माझं मत विचाराल तर ऐपतीपेक्षा एक पायरी खालची चिप घ्या, पण तिच्यावरचं पंख्या-पत्र्याचं धूड मोठं असलेलं मॉडेल घ्या. मोठा पत्रा, मोठे पंखे, कमी फेरे, कमी आवाज. मग घरी आणून कार्डाची वॉटची मर्यादा ऐंशी टक्क्यांवर आणा. फुकटचं सॉफ्टवेअर लागतं आणि दोन मिनिटं. तीनशेचं कार्ड दोनशे चाळीसवर येतं, वेग जातो तो साधारण पाच टक्के. एवढा फरक स्टॉपवॉच घेऊन बसणाऱ्यालाच कळेल. गेम खेळणाऱ्याने फ्रेमांनाही वेसण घालावी. मॉनिटर साठ हर्ट्झचा, आणि कार्ड सेकंदाला दोनशे फ्रेमा काढतंय. वरच्या एकशे चाळीस फ्रेमा कोण पाहतो? खोली तापते तेवढी. कार्डातल्या कॉइलमधून कधी कधी बारीक शिट्टी येते, तीही यानेच बरीचशी मिटते.

वाचलेले दोन-तीन क्विंटल कुठे घालायचे, तर एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात. आपल्याकडे सत्तर हजारांचं कार्ड घेणारा माणूस एसएमपीएस मात्र "आहे तोच चालते ना?" असं विचारतो. त्यावरचं '५०० वॉट' हे स्टिकर छापायला पाच रुपयेही लागत नाहीत. ५०७० ला कंपनी साडेसहाशेचा मागते, ५०७० टीआयला साडेसातशेचा, आणि तेवढे वॉट खरे असावे लागतात. घरोघरचा ६०० व्हीएचा यूपीएस देतो ३६० वॉट. वीज गेली की कॉम्प्युटर सावकाश बंद करायला वेळ मिळावा म्हणून तो घेतलेला असतो. भारी कार्डाखाली तो स्वतःच आधी बसतो, एक्स्पोर्ट ९६ टक्क्यांवर असताना. नव्या पद्धतीचा बारीक पिनांचा कनेक्टर असेल तर तो टक्कन बसेपर्यंत दाबा. २०२२ मध्ये ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने बोट दाखवलं ते पुरता न दाबणाऱ्या ग्राहकाकडे.

कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं घ्या. काचेच्या तोंडाचं छान दिसतं आणि आत भट्टी लावतं. जाळीतून कापसाचा फुफाटा आत शिरेल, हे खरं. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या कार्डात हंगाम संपेपर्यंत एक उशी तयार होते. महिन्या-दीड महिन्याने ब्लोअर मारा. मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जातं. आणि कूलरच्या ओल्या झोतासमोर कॅबिनेट ठेवू नका. कार्डाला थंडावा मिळावा म्हणून तसं ठेवणारे सज्जन भेटतात.

वॉरंटी बहुधा तीन वर्षांची असते. तीन वर्षं कुणाच्या दारात, हे घेतानाच विचारा. अमरावती नव्वद किलोमीटर, नागपूर दीडशे. तिथून कार्ड आणखी कुठल्या शहरात जाईल ते कुरिअरवाल्याला माहीत. जळाल्याचा डाग किंवा वाकलेली पिन दिसली की वॉरंटी संपली, म्हणून पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. ऑनलाइन हजार-पाचशे वाचवण्यापेक्षा ज्याच्या काउंटरवर जाऊन बसता येतं असा गावातला दुकानदार मला स्वस्त वाटतो. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या भुकेने मेमरीचे भाव चढले, तेव्हापासून तो हजार-पाचशेही राहिला नाही म्हणा.

उरलं जुनं कार्ड. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांवर नाणी पाडायचा धंदा बसला आणि वर्ष-दीड वर्ष रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात उतरली. त्यातलं प्रत्येक कार्ड म्हणे कुणीतरी फक्त गाणी ऐकायला वापरलेलं होतं. अशी कार्डं अजून हातोहात फिरताहेत. सगळी वाईट नसतात. पंखे आणि चिपवरची पेस्ट बदलली की काही वर्षं काढतात. पण घ्यायचं तर मे महिन्यात घ्या. दुपारी दोन वाजता विकणाऱ्याच्या घरी जा, बिलावरचा सिरियल नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळवा, कूलर बंद करायला लावा आणि कार्ड अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून पाहा. विकणारा म्हणेल, "भाऊ, उन्हाचं कायले येता, संध्याकाळी या ना."

संध्याकाळी जाऊ नका.